पुरणाऱ्यांचे हात : अँडीजमधील प्राचीन दफने आणि प्रतिष्ठेचा हिशेब

पेरूच्या दक्षिण भागात, टिटिकाका सरोवराच्या खोऱ्यातील उंच पठारावर विलामाया पाच्खा नावाची जागा आहे. समुद्रसपाटीपासून उंची ३,९०० मीटरहून अधिक. २०१८ मध्ये रँडल हास या पुरातत्त्वज्ञाने स्थानिक लोकांना बरोबर घेऊन तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन हाती लागले. सांगाड्याच्या मांडीजवळ दगडी हत्यारे एका जागी पडली होती. भाल्याची टोके, मांस कापण्याच्या धारदार चिपा, कातडे खरवडण्याचे दगड, गेरूचे तुकडे. ज्या पिशवीत ती ठेवली असतील ती केव्हाच कुजून गेलेली. हत्यारे मात्र पिशवीत भरावीत तशी एकमेकांना लगटून राहिलेली. खोदणाऱ्या मंडळींत तिथल्या तिथे निष्कर्षही निघाला : हा मोठा शिकारी असणार, जमातीतला मानाचा पुरुष असणार.

पुढे हाडांचा नाजूकपणा पाहून शंका आली. दातांच्या वरच्या टणक आवरणातील प्रथिने तपासली गेली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ती सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी होती.

‘प्राचीन स्त्रियाही शिकार करत’ अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर गाजली. अमेरिका खंडांतील तितक्याच जुन्या दफनांची झडती घेतल्यावर मोठ्या शिकारीची हत्यारे सोबत असलेल्या २७ जणांपैकी ११ स्त्रिया असल्याचेही हास यांच्या गटाने दाखवले. ते महत्त्वाचे आहेच. पण माझे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे गेले. पुरुष समजला जात होता तोवर तो ‘शिकारी’ही होता आणि ‘सरदार’ही होता. मुलगी ठरल्यावर ‘शिकारी’ हा शब्द टिकला, ‘सरदार’ मात्र मागे पडला. हत्यारे तीच, खड्डा तोच, हाडे तीच. मग प्रतिष्ठा नेमकी कुठे होती? खड्ड्यात होती, की खड्ड्याच्या काठावर उभे राहून आत बघणाऱ्यांच्या डोक्यात?

गेली काही वर्षे मी अँडीजमधील दफनांवरचे लेखन जमेल तसे वाचतो आहे. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही, पेरूला मी गेलेलो नाही. शब्दकोश शेजारी ठेवून वाचणारा मी एक वाचक आहे, आणि या लेखात तपासायची आहे ती वाचनाचीच एक सवय. दफनात जितके वैभव, तितका पुरलेला माणूस मोठा, हे समीकरण आपण सारेच न बोलता मान्य करतो. अँडीजमधला पुरावा या समीकरणाला जितका छळतो तितका क्वचितच कुठला पुरावा छळत असेल.

याचे कारण तिथल्या हवामानात आहे. पेरू आणि उत्तर चिलीचा किनारा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. वर डोंगरमाथ्यावर कायमचा बर्फ. त्यामुळे इतरत्र जे आधी नष्ट होते, म्हणजे कातडी, केस, कापड, दोर, तेच इथे टिकते. शिवाय या समाजांनी आपल्याला वाचता येईल असा लिखित इतिहास मागे ठेवलेला नाही. इंकांची गाठी मारलेल्या दोऱ्यांची नोंदपद्धती होती, पण तिच्यातून राजांची चरित्रे अद्याप कुणाला वाचता आलेली नाहीत. तेव्हा दफन हेच इथले दफ्तर. ते इतके तपशीलवार आहे की मृताबरोबर ठेवलेल्या वस्तूंना एक प्रश्न विचारता येतो, आणि त्याच प्रश्नाचे उत्तर मृताच्या शरीराकडूनही घेता येते. दोन्ही उत्तरे जुळतातच असे नाही.

*

आधी समीकरणाचा उगम पाहू. १९७०च्या आसपास अमेरिकेत पुरातत्त्वाला शास्त्राची शिस्त लावण्याची चळवळ जोरात होती. आर्थर सॅक्स यांनी १९७० मध्ये आणि लुईस बिनफर्ड यांनी १९७१ मध्ये मांडले की माणूस जिवंतपणी ज्या सामाजिक भूमिका निभावतो त्यांचे प्रतिबिंब त्याच्या अंत्यविधीत उमटते. समाज जितका गुंतागुंतीचा, तितके दफनांतले भेद अधिक. जोसेफ टेंटर यांनी पुढे जाऊन मोजमापच सुचवले : दफनासाठी किती श्रम खर्ची पडले ते पाहा, त्यावरून दर्जा ठरवा. ही मांडणी टाकाऊ नव्हती. तिच्यामुळे सोने शोधणारी नजर खड्ड्याचा आकार, विटांची संख्या, प्रेताची दिशा अशा साध्या गोष्टींकडे वळली.

आक्षेप लवकरच आला. माइक पार्कर पिअर्सन यांनी १९८२ मध्ये आधुनिक केंब्रिजमधील अंत्यविधींचा अभ्यास करून दाखवले की अंत्यविधी म्हणजे समाजाचा आरसा नव्हे. तिथे जिवंत माणसे मृताच्या निमित्ताने आपापसांतली नाती जुळवतात, दडवतात, मिरवतात. आपल्याला हे सांगायला केंब्रिजची गरज नाही. बापाला हयातीत न विचारणाऱ्या मुलांनी तेराव्याला गाव जेवू घातल्याचे आपण पाहिलेले असते. मृत माणूस स्वतःला पुरत नाही. त्याला पुरणारे हात दुसऱ्यांचे असतात आणि त्या हातांना स्वतःची गरज असते.

मात्र हे वाक्य बोलून थांबणे सोपे आहे. पुरणारे खोटे बोलू शकतात एवढ्यावरून दफने मुकी ठरत नाहीत. अँडीजमधील काही दफने एकेक करून पाहिली की पुरणाऱ्यांनी काय सांगितले आणि शरीराने काय सांगितले हे वेगळे करता येते. खरी माहिती त्या दोहोंमधल्या अंतरात सापडते.

*

सुरुवात सर्वांत झळाळत्या दफनापासून करणे भाग आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, लांबायेके खोऱ्यातील सिपान गावाजवळच्या मातीच्या पडझड झालेल्या पिरॅमिडात थडगेचोरांना सोने सापडले. पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू जवळच्या ब्रुनिंग संग्रहालयाचे संचालक वॉल्टर आल्वा यांना दाखवल्या आणि आल्वांनी तिथेच तळ ठोकला. गावकरी चिडलेले, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हे ढिगारे हक्काचे वाटत आलेले. अशा तणावात, पहाऱ्यात, काही महिन्यांत जे उघडले गेले ते मोचे संस्कृतीतील एका सत्ताधीशाचे अस्पर्श दफन होते. काळ साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा. आज त्याला ‘सिपानचा स्वामी’ म्हणतात.

तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेली लाकडी शवपेटी. मुकुट, कर्णभूषणे, नाकातले अलंकार, छातीवर शिंपल्यांच्या मण्यांची जाळी. आणि भुईमुगाच्या शेंगांची माळ! भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. दहा शेंगा सोन्याच्या आणि दहा चांदीच्या, खऱ्या शेंगेपेक्षा मोठ्या, सालीवरच्या रेषांसकट घडवलेल्या. सोन्याच्या उजवीकडे, चांदीच्या डावीकडे. ही उजवी-डावी वाटणी इतर वस्तूंतही दिसते. म्हणजे धातू केवळ संपत्ती म्हणून ठेवलेला नव्हता. शरीराच्या दोन बाजूंवर एक अर्थ मांडलेला होता.

त्यातला काही अर्थ आधीच ठाऊक होता. मोचे कुंभारांनी आणि चित्रकारांनी एक प्रसंग वारंवार रंगवला आहे : युद्धकैद्यांचे गळे चिरून त्यांच्या रक्ताचा पेला एका मुकुटधारी पुरुषाला दिला जातो. ख्रिस्तोफर डोनन यांनी या चित्रांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. सिपानची शवपेटी उघडल्यावर त्यांना चित्रातल्या मुख्य पुरुषाचा पोशाख आणि आभूषणे समोर दिसली. पुराणकथेतले पात्र समजले जात होते ते हाडामांसाचे निघाले. १९९१ मध्ये सान होसे दे मोरो येथे डोनन आणि लुइस हाइमे कास्तियो यांना त्याच प्रसंगातील पुजारिणीचा साज घातलेली स्त्रीही सापडली.

इथेच समीकरणाला पहिला तडा जातो. सिपानमध्ये त्याच ढिगाऱ्यात आणखी खाली, आणखी आधीच्या काळातला, ‘जुना स्वामी’ सापडला. त्याचाही साज त्याच परंपरेतला. पुजारिणींचेही तसेच : काळ वेगळा, खोरे वेगळे, भूमिका मात्र ओळखता यावी इतकी तीच. मग या थडग्यात पुरले काय? माणूस, की पद? आपल्याकडे नाटक कंपनीत राजा बदलला तरी राजाचा शालू पेटाऱ्यात तोच राहत असे. मोचे लोकांनी पेटाराही नटाबरोबर पुरला आणि पुढच्या नटासाठी नवा घडवला. सिपानच्या सोन्यावरून त्या पदाची प्रतिष्ठा नक्की कळते. त्या माणसाला लोक कसे वागवत, तो ते पद पेलू शकला का, हे सोने सांगत नाही.

सोन्याबद्दल आणखी एक गोष्ट. हेदर लेक्टमन यांनी मोचे धातुकामाचा अभ्यास करून दाखवले की सोन्याच्या भासणाऱ्या पुष्कळ वस्तू मुळात तांब्याच्या आहेत आणि वरचा सोन्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास आहे. आपण याला मुलामा म्हणू आणि मुलामा म्हटले की फसवणूक आठवते. लेक्टमन यांचे म्हणणे वेगळे आहे. अँडीजमधील अनेक कारागीर सोने मिश्रधातूच्या आत घालत आणि मग पृष्ठभागावर आणत, कारण वस्तूचे दिसणे तिच्या अंतरंगातून यावे असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे आपण वजनकाट्यावर श्रीमंती मोजतो तेव्हा त्यांनी न वापरलेला काटा वापरत असतो.

आता स्वामीच्या सोबत्यांकडे वळू. त्याच्याबरोबर आठ जणांची प्रेते होती : स्त्रिया, पुरुष, एक लहान मूल, शिवाय कुत्रा आणि लामा. पहिल्या बातम्यांत स्त्रिया ‘राण्या’ वा ‘रखेल्या’ झाल्या, पुरुष ‘सेवक’ झाले आणि सारेच स्वामीबरोबर मारले गेले असे धरून चालले. मग जॉन वेरानो या हाडांच्या अभ्यासकाने निरीक्षण मांडले की स्त्रियांच्या सांगाड्यांतील हाडे जागच्या जागी नाहीत. पुरताना ती शरीरे अखंड नव्हती, त्यांचा मृत्यू बराच आधी झालेला असावा. याचा अर्थ त्या कुठेतरी जपून ठेवलेल्या होत्या आणि स्वामीच्या अंत्यविधीसाठी आणल्या गेल्या. त्या कोण होत्या? पत्नी, पूर्वज, आधीच्या स्वामीच्या घरातल्या? ‘रखेली’ हा शब्द हाडांवर कुठेच लिहिलेला नव्हता. तो आपण नेला.

शवपेटीच्या कक्षावर, छपराच्या वरच्या भरावात एक पुरुष होता. डोक्यावर मुलाम्याचे शिरस्त्राण, जवळ ढाल, आणि पाय घोट्यांपासून नाहीत. तो ‘रक्षक’ ठरला : जागा सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडलेला. ही ओळ वाचताना कुणाही मराठी अभ्यासकाला इनामगाव आठवेल. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या प्रौढांच्या दफनांत पाय घोट्यांखाली तोडलेले आढळतात आणि त्याचा अर्थ सामान्यतः असा लावला जातो की मृताने उठून दूर जाऊ नये. पण चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका पुरुषाचे पाय शाबूत होते, आणि म. के. ढवळीकरांनी त्याला वसाहतीचा प्रमुख मानले. एकीकडे पाय नसणे ही सर्वसामान्यांची रीत आणि असणे हा मान. दुसरीकडे पाय नसणे ही एका माणसाची नेमणूक. खूण एकच, पण तिचे मोल भोवतालच्या इतर दफनांनी ठरते. एकटे दफन कितीही झळाळते असले तरी ते वाचता येत नाही. शेजारची शंभर साधी दफने ठाऊक असतील तरच ते बोलते. थडगेचोरीत हरवते ते मुख्यतः हे, सोने नव्हे.

*

२००५ मध्ये चिकामा खोऱ्यातील वाका काओ विएखो या रंगीत भित्तिचित्रांच्या मंदिरात रेगुलो फ्रांको यांच्या पथकाला आणखी एक मोचे दफन मिळाले. कापडांच्या कित्येक थरांत गुंडाळलेले अजस्र गाठोडे. आत अलंकारांबरोबर दोन मोठ्या युद्धगदा आणि भाले फेकण्याची २३ दांडकी. गाठोडे पुरते उलगडल्यावर निघाली विशीतली एक स्त्री. हातांवर साप आणि कोळ्यांचे गोंदण, आणि पोटाच्या कातडीवर बाळंतपणाच्या खुणा. तिला ‘सेन्योरा दे काओ’, काओची स्वामिनी, म्हणतात. तोवर मोचे सत्ता पुरुषांची असे गृहीत होते. आता कुणी तिला राणी म्हटले, कुणी पुजारीण. गदा तिच्या हातात शोभतात की तिला कुणी नजर केल्या, असा प्रश्न काहींनी विचारला. पुरुषाच्या गदांबद्दल हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, हेही नोंदवून ठेवायला हवे.

तिच्याशेजारी एक किशोरवयीन मुलगी होती, गळ्याभोवती फास असलेली. ‘बळी दिलेली दासी’ असे तिचे वर्णन होऊ लागले. पुढे या मंदिरातील सहा जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. सहाही जण एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक निघाले. आणि गळ्यात फास असलेली ती मुलगी स्वामिनीची बहुधा पुतणी किंवा भाची होती. तिच्या हाडांतील रासायनिक खुणांवरून असेही दिसते की तिचे बालपण त्या घरात, त्या आहारावर गेले नव्हते. ती दुसरीकडे वाढली होती.

या निष्कर्षापाशी मी बराच वेळ थांबलो. दासी म्हटले की मन शांत होते. जुन्या काळी राजाबरोबर नोकर पुरत, इजिप्तमध्ये पुरत, चीनमध्ये पुरत. आपण पान उलटतो. घरचीच मुलगी म्हटल्यावर पान उलटत नाही. तिची प्रतिष्ठा काय लिहायची? उच्च, कारण ती सत्ताधारी घराण्यातली आणि आत्याच्या किंवा मावशीच्या कुशीत पुरलेली? की सर्वांत खालची, कारण तिचा गळा आवळला गेला? तक्त्यात एकच रकाना असतो. तिला दोन लागतात, आणि कदाचित मोचे लोकांच्या लेखी त्या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नव्हत्याच. रक्ताचे नाते होते म्हणूनच ती योग्य ठरली असेल.

प्रतिष्ठेचा तळ कुठे होता हे पाहायचे तर दफनच नाकारलेल्यांकडे जावे लागते. त्रुहियो शहराजवळच्या वाका दे ला लुना या मंदिराच्या एका चौकात स्टीव्ह बूर्जे यांना १९९५ पासून सत्तरहून अधिक पुरुषांचे अवशेष मिळाले. वेरानो यांनी हाडे तपासली. धट्टीकट्टी तरुण माणसे, जुन्या भरून आलेल्या जखमा, आणि मानेच्या मणक्यांवर सुरीच्या खुणा. चित्रांतला तो रक्ताचा पेला खरा होता. काही प्रेते एल निन्योच्या पावसाने झालेल्या चिखलात पडलेली. खड्डा नाही, कापड नाही, मडके नाही. उघड्यावर माश्यांसाठी सोडलेली. हे लढवय्ये आपल्या गावी कदाचित मानाचे असतील. त्यांच्याबरोबर ठेवलेल्या वस्तूंची यादी शून्य आहे, आणि ते शून्य गरिबीचे नाही. ते कुणीतरी ठरवून लिहिलेले शून्य आहे.

*

आतापर्यंत धातू आणि रक्त झाले. पण अँडीजमध्ये संपत्तीची सर्वांत जुनी भाषा कापडाची आहे. १९२७ मध्ये हुलियो तेयो या केचुआभाषक, डोंगरातल्या खेड्यातून आलेल्या पुरातत्त्वज्ञाने दक्षिण किनाऱ्यावरील पाराकास द्वीपकल्पावर वारी कायान या ठिकाणी ४२९ प्रेतगाठोडी बाहेर काढली. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. गुडघे छातीशी घेऊन बसलेले शरीर आणि त्याभोवती कापडाचे थरावर थर. बहुसंख्य गाठोडी लहान, एकदोन साध्या कापडांची. थोडी प्रचंड, आत डझनावारी भरजरी वस्त्रे : उडणाऱ्या, मुखवटे घातलेल्या आकृत्या लोकरीच्या धाग्यांनी शेजारी शेजारी भरलेल्या, प्रत्येकीचे रंग निराळे. कापूस किनाऱ्याचा, लोकर डोंगरातल्या जनावरांची.

टेंटर यांचे श्रमांचे मोजमाप इथे उत्तम लागू पडते. एका चादरीएवढ्या वस्त्राच्या भरतकामात किती माणसांचे किती महिने गेले असतील याचा अंदाज सुई हातात धरलेली कोणतीही बाई करू शकेल. पण या गाठोड्यांत काही वस्त्रे अर्धवट भरलेली आहेत. रांगा आखल्या आहेत, काही आकृत्या पूर्ण, काही नुसत्या बाह्यरेषा. मृत्यूने घाई केली आणि काम तसेच गुंडाळले, असे एक वाचन. पण अपुरे वस्त्र पुरण्यातही देणाऱ्यांचा काही भाव असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. भरणाऱ्या हातांनी आपापला वाटा घातला होता, तो पूर्ण नसला तरी त्यांचा होता. मोठे गाठोडे म्हणजे एका माणसाची मालमत्ता, असे मानले तर अपुरे वस्त्र हा दोष ठरतो. मोठे गाठोडे म्हणजे अनेकांची देणी, असे मानले तर तो दोष राहत नाही, ती एक सही होते.

श्रमाचे हेच माप त्याहून पाच हजार वर्षे मागे नेले की ते निकामी होते. उत्तर चिलीतील आरिका परिसरात चिंचोरो नावाने ओळखल्या जाणाऱ्या मासेमारांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी मृतांच्या ममी करायला सुरुवात केली. इजिप्तच्या कितीतरी आधी. २०२१ मध्ये युनेस्कोने ही स्थळे जागतिक वारशात घेतली. कातडी आणि मांस काढायचे, हाडांना काटक्यांचा आणि वेतांचा आधार द्यायचा, मातीने शरीर पुन्हा घडवायचे, मुखवटा आणि केसांचा टोप चढवायचा, वर काळा रंग द्यायचा. पुढच्या काळात लाल. इतके श्रम! आणि ते कुणासाठी? तान्ह्या बाळांसाठी, जन्मालाही न आलेल्या गर्भांसाठीसुद्धा. ना राजवाडे, ना कोठारे, ना श्रीमंत-गरीब घरांचा पुरावा. बेर्नार्दो अरियासा यांनी एक कारण सुचवले आहे. कामारोनेस खोऱ्यातल्या नदीच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे १,००० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असते. आजची सुरक्षित मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. अशा पाण्यावर गर्भपात आणि बालमृत्यू सतत होत असणार. जे मूल हाती लागले नाही त्याला मातीने पुन्हा घडवणे हा त्या आईबापांचा शोक असावा. हे अनुमान आहे, पण दफनावरचा खर्च हा दर्जाचा पुरावा असतो, या अनुमानापेक्षा ते अधिक अवघड नाही. सात हजार वर्षांपूर्वीचे श्रम दर्जासाठी नव्हते, दुःखासाठी होते. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रमांतून दुःख पूर्ण वजा करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

*

शरीर आणि वस्तू यांतले अंतर जिथे महिन्यांच्या हिशेबात मोजता आले असे एक दफन आहे. मार्च १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कॉन्स्तान्सा सेरुती यांनी अर्जेंटिना-चिली सीमेवरील युयायाको या ६,७३९ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या शिखरावर तीन मुलांची गोठलेली शरीरे शोधली. इंका साम्राज्याच्या ‘कापाकोचा’ या विधीत अर्पण केलेली. एक मुलगा, एक लहान मुलगी आणि एक साधारण तेरा वर्षांची मुलगी. सोन्याचांदीच्या आणि शिंपल्याच्या लहान मूर्ती, उत्तम विणीची वस्त्रे, पिसांचा शिरपेच. मोठीचे केस बारीक वेण्यांत गुंफलेले. वस्तूंची यादी पाहिली तर राजकन्याच.

अँड्र्यू विल्सन आणि सहकाऱ्यांनी तिच्या केसांचा अभ्यास केला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्यात त्या त्या महिन्याच्या अन्नाची खूण राहते. टोकाकडचा केस सांगतो की मुलगी साध्या, शेतकऱ्याघरच्या आहारावर वाढली होती. मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी एकदम बदल होतो : मका आणि मांस, मोठ्या लोकांचे अन्न. त्याच सुमारास कोकाचे प्रमाण वाढते. शेवटच्या काही आठवड्यांत मक्याच्या दारूचे प्रमाण वाढत जाते. ती सापडली तेव्हा कोकाच्या पानांचा चोथा तिच्या तोंडात तसाच होता.

म्हणजे ती राजकन्या नव्हती. तिला राजकन्या केले गेले. तिची प्रतिष्ठा एक वर्षाची होती, आणि ती मिळाल्याच्या दिवसापासून शेवट ठरलेला होता. वस्तू खोटे बोलत नाहीत : पुरताना ती खरोखरच उच्च होती. केसही खोटे बोलत नाही. दर्जा ही माणसाला चिकटलेली गोष्ट नसून त्याच्याशी केलेली एक कृती आहे, हे मला सिद्धान्तांच्या पुस्तकांपेक्षा त्या वीतभर केसाने अधिक स्पष्ट सांगितले.

आणि ती कृती कुणाच्या फायद्याची होती, याचेही एक उदाहरण कागदावर उरले आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रोद्रिगो एर्नांदेस प्रिन्सिपे या पाद्र्याने पेरूच्या डोंगरातील ओक्रोस गावची हकीकत लिहून ठेवली. काके पोमा नावाच्या गावप्रमुखाने आपली ताँता कार्वा ही सुमारे दहा वर्षांची मुलगी इंकांना अर्पण केली. ती कुस्कोला गेली, सत्कार झाला, परत आली आणि आपल्या मुलखातल्या डोंगरावर जिवंत पुरली गेली. बदल्यात बापाला प्रमुखपदाची राजमान्यता मिळाली. पुढच्या पिढ्या तिला देवतेसारखी कौल लावत. मुलीच्या दफनातली प्रतिष्ठा वर चढून बापाच्या आसनाखाली गेली. ते थडगे उघडून मुलीचा दर्जा ‘उच्च’ असे आपण लिहू, आणि ते बरोबरही असेल, पण गोष्ट तेवढीच नव्हती.

खुद्द इंका राजांची तऱ्हा याहून वेगळी. त्यांना पुरतच नसत. त्यांच्या ममी वाड्यात राहत, सणाला बाहेर येत, त्यांना खाऊपिऊ घातले जाई, आणि जमीनजुमला त्यांच्याच नावावर राही. नव्या राजाला गादी मिळे, पण बापाची इस्टेट बापाचे बाकीचे वंशज सांभाळत. मृताची प्रतिष्ठा जपणे हा इथे सरळ सरळ जिवंतांचा उदरनिर्वाह होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांना हे नीट कळले होते, म्हणूनच पोलो दे ओंदेगार्दो याने १५५९ मध्ये त्या ममी शोधून जप्त केल्या. इंका आईचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा याने स्पेनला जाण्यापूर्वी त्या पाहिल्या आणि त्यांतल्या एकीच्या बोटाला हात लावला होता, असे त्याने म्हातारपणी लिहिले आहे.

*

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावाही सांगायला हवा. २०१२-१३ मध्ये मिवोश गिएर्श यांच्या पोलिश-पेरूव्हियन पथकाने कास्तियो दे वार्मेई येथे वारी संस्कृतीचे एक अस्पर्श दफनगृह उघडले. साठहून अधिक प्रेते, बहुतांश स्त्रिया. त्यांतल्या एका उच्चकुलीन वृद्धेजवळ विणकामाची सोन्याची साधने होती. तिच्या हाडांवर वर्षानुवर्षे बसून हातांनी काम केल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ती साधने शोभेची नव्हती. ती खरोखर विणत होती. इथे वस्तू आणि शरीर एकमेकांना दुजोरा देतात. असे होते, आणि होते तेव्हा समीकरण मोकळ्या मनाने मान्य करावे. माझा आग्रह एवढाच की दुजोरा मिळेपर्यंत थांबावे.

कारण आपण थांबत नाही. सिपानला ‘अमेरिकेचा तुतनखामेन’ म्हणून मोकळे होतो. सोबतच्या स्त्रीला रखेली म्हणतो, फास लागलेल्या मुलीला दासी म्हणतो, हत्यारे दिसली की पुरुष म्हणतो. ही नावे देताना आपण त्या समाजाच्या उतरंडीत माणसे बसवतो असे आपल्याला वाटते. खरे तर ती आपल्याच उतरंडीत बसत असतात. प्राचीन पुरणाऱ्यांनी त्यांच्या गरजेप्रमाणे मृताला एकदा दर्जा दिला होता. आपण थडगे उघडून तो दुसऱ्यांदा देतो. दोन्ही वेळा मृताला कुणी विचारत नाही.

युयायाकोची ती मुले आज अर्जेंटिनातील साल्टा शहरात, त्यांच्यासाठीच उभारलेल्या संग्रहालयात, शून्याखालच्या थंडीत ठेवली आहेत. एका वेळी एकच शरीर दाखवले जाते. तिथल्या मूलनिवासी समूहांतील काहींचा या प्रदर्शनाला विरोध आहे. मुलांना डोंगराने घेतले होते, ती डोंगराचीच, असे ते म्हणतात. संग्रहालय त्या मोठ्या मुलीला ‘कुमारिका’ म्हणते. तिचे खरे नाव कुणालाही ठाऊक नाही. केसाच्या टोकाकडच्या भागात जी मुलगी आहे, बटाटे खाणारी, अजून निवड न झालेली, तिच्यासाठी कोणत्याही तक्त्यात अद्याप रकाना नाही.